ग्लोव्हबाहेरचं बोट

वेंडेल प्रुसाक अठरा वर्षं बेसबॉल खेळला. त्यातले अकरा दिवस मोठ्या लीगमध्ये. बाकीची सगळी वर्षं अमरिलो, किंग्सपोर्ट, वॉटर्लू अशा गावांत गेली. तिथं मैदानाच्या कुंपणावर बियाण्याच्या दुकानाची जाहिरात असते आणि आठशे माणसं आली की मालक खूश होतो. त्याच्या स्वतःच्या गावात, पेनसिल्वेनियातल्या कोळशाच्या खाणीपाशी, लोक त्याला 'आपला मोठ्या लीगचा माणूस' म्हणायचे, आणि पाठीमागं म्हणायचे, हात चांगला होता हो, पण छाती नव्हती. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना कुठलंही गाव चालतं. त्याच्या बापाच्याही कानावर ते जायचं. खाणीतला खोकला घेऊन बाप मेला, तोवर त्यानं या विषयावर एक शब्द काढला नाही. वेंडेलला लोकांच्या बोलण्यापेक्षा बापाचं ते गप्प राहणंच जास्त लागलं.

वेंडेल डावखुरा पिचर होता, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा. सरळ चेंडू बरा, पण कर्व्ह, म्हणजे वळून पडणारा चेंडू, असा की बॅटरच्या छातीपाशी निघालेला चेंडू गुडघ्यापाशी पडायचा. टाकण्याआधी तो चेंडू छातीशी धरलेल्या ग्लोव्हमध्ये लपवून पकडायचा. सगळेच पिचर तसं करतात, आत बोटं कशी बसवली आहेत ते बॅटरला दिसू नये आणि कुठला चेंडू येणार ते आधी कळू नये म्हणून. ग्लोव्हच्या हाताचं पहिलं बोट तेवढं बाहेर, ग्लोव्हच्या पाठीवर ठेवायचं, म्हणजे जोराचा चेंडू झेलताना ते ठेचत नाही. वेंडेलला हे त्याच्या थोरल्या भावानं आठव्या वर्षी शिकवलं होतं आणि त्यानंतर त्या बोटाचा विचार त्यानं कधी केला नव्हता. आपल्या हाताच्या बोटाचा विचार करतं कोण?

वॉटर्लूला त्याला दोन माणसं मिळाली. एक लोरीन, तिथल्या न्हाव्याची मुलगी. ती प्रत्येक मॅचला कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागं बसून चेंडू झेलणाऱ्याच्या, मागं जाळीपाशी विणकाम घेऊन बसायची. दुसरा ऑरिन टॅकेट, संघाचा कॅचर, केंटकीतल्या तंबाखूवाल्यांच्या घरातला. ऑरिनच्या हातात बॅट दिली काय नि झाडू दिला काय, सारखंच. पण डोळा घारीचा. कुठला बॅटर कुठल्या पायावर भार देतो, कुठला घाबरला की ओठ चाटतो, हे सगळं तो टिपून ठेवायचा. त्याच विद्येवर त्याची नोकरी टिकून होती, कारण दुसरं काही त्याच्यापाशी नव्हतं. बाहेरगावच्या मॅचना चार वर्षं ऑरिन आणि वेंडेल एका खोलीत राहिले. वेंडेलचं लग्न झालं तेव्हा नवऱ्याशेजारी ऑरिन उभा होता, आणि पुढं रोज लोरीनच्या टेबलावर तिसरी थाळी त्याचीच असायची.

एकोणसत्तर साली वेंडेल जिंकू लागला तो थांबेचना. जिंकणाऱ्या पिचरला हात लावू नये, ही त्या लोकांची जुनी रीत. त्याला सल्ला द्यायचा नाही, बुटाची नाडी सुटली तरी सांगायचं नाही. त्याचे मोजे दोन महिने धुतले गेले नाहीत. लोरीन ते चिमट्यानं उचलून बाहेरच्या ओट्यावर ठेवायची आणि नाक दाबून म्हणायची, "हार रे बाबा एकदा." त्या साली पंधरा मॅच त्याच्या नावावर लागल्या. हिवाळ्यात मोठ्या लीगच्या एका संघानं माणूस उचलला, पण तो ऑरिन होता. त्यांना एक तिसरा कॅचर हवा होता.

वेंडेलची पाळी दोन वर्षांनी आली, तीही कुणाचं तरी अपेंडिक्स फुगलं म्हणून. ऑगस्टमध्ये निरोप आला, क्लीव्हलंडला ये. पहिलीच मॅच ऑरिनच्या संघाशी होती. मैदानाशेजारच्या सरोवरावरून वारा येत होता. वेंडेलनं कर्व्ह टाकला, बॅटरनं बॅट हलवलीही नाही. चेंडू खाली पडून वाया गेला. सरळ टाकला, तो कुंपणापलीकडं गेला. पुढचा आला, तेच. सहा जणांनी त्याला बडवलं, एक जण कसाबसा बाद झाला आणि मॅनेजर त्याला बाहेर काढायला, चेंडू मागायला आला. समोरच्या बाकाच्या टोकाला ऑरिन खाली मान घालून बसला होता. मॅचनंतर भेटला तेव्हा म्हणाला, पहिल्या दिवशी होतं असं. पाच दिवसांनी दुसऱ्या संघाविरुद्धही तेच झालं, आणि अकराव्या दिवशी वेंडेल पुन्हा बसमध्ये बसून खालच्या लीगला निघाला.

त्या बसमध्ये त्यानं मनाची समजूत घातली. मोठ्या लीगचे बॅटर वेगळ्या मातीचे असतात, आपला चेंडू त्यांच्या लायकीचा नाही, आणि यात कुणाची चूक नाही. ही समजूत त्यानं सात वर्षं सांभाळली. तिच्या जोरावरच तो खालच्या लीगमध्ये खेळत राहिला, चार संघ बदलून शेवटी वॉटर्लूला परत आला आणि बापाच्या मयताला गावकऱ्यांच्या डोळ्याला डोळा देऊन उभा राहिला. पदरी पडलं आणि पवित्र झालं, असं त्याचं खरंच झालं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या सीझनची शेवटची मॅच वॉटर्लूलाच होती, दुपारची. वेंडेल छत्तीस वर्षांचा होता. मॅनेजर आठवडाभर त्याच्याशी नजर मिळवत नव्हता. माणसाला सोडायचं ठरलं की मॅनेजर आधी नजर चुकवतात आणि मग खांद्यावर हात टाकतात, हे त्यानं इतरांच्या बाबतीत पुष्कळदा पाहिलं होतं. लोरीननं पेनसिल्वेनियाला परतायचं सामान गाडीत भरूनही ठेवलं होतं. समोरच्या संघाचा मॅनेजर आता ऑरिन होता, पोट सुटलेला, टोपीखाली टक्कल.

मॅचच्या दिवशी दोन संघांच्या माणसांनी मैदानावर गप्पा मारायच्या नाहीत, असा नियम आहे, आणि त्यावर लक्ष ठेवायला एक अंपायर वर खुर्चीत बसतो. वेंडेल कुंपणापाशी हात गरम करत होता. ऑरिन त्याच्याजवळून गेला आणि नाडी बांधायला म्हणून खाली बसला.

"प्रू, इकडं बघू नकोस, नुसतं ऐक. कर्व्ह पकडताना तुझं बाहेरचं बोट वर होतं. ताठ उभं राहतं. सरळ चेंडूला होत नाही."

वेंडेलनं ग्लोव्हकडं पाहिलं. आत कर्व्ह पकडून पाहिला. बोट उठलं.

"कधीपासून?"

"मी पाहिलं ते एकोणसत्तरला. तू जिंकत होतास. तेव्हा कोण तोंड उघडणार? म्हटलं, सीझन संपला की सांगू. मग मला तिकडं नेलं."

"आणि क्लीव्हलंडला?"

ऑरिननं बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. "मला काढायचं घाटत होतं तेव्हा. मॅनेजरनं विचारलं, या नव्या डावखुऱ्याला कुणी ओळखतं का? सगळ्या बाकावर मीच ओळखत होतो. मग काय, अशी गोष्ट एका बाकावर थोडीच राहते." नाडी घट्ट ओढून तो म्हणाला, "आजही सांगितलंय पोरांना. कामच आहे माझं. पण आज तुला सोडणारेत. हे मनात ठेवून मला घरी जायचं नव्हतं."

"म्हणजे तुझं ओझं उतरलं," वेंडेल म्हणाला.

ऑरिन उठून गेला.

नव्या संघात गेल्यावर जुन्या सोबत्यांची गुपितं सांगणं, यात त्या धंद्यात कुणी पाप मानत नाही. वेंडेलनंही सांगितली होती. पण त्या माणसानं वर्षानुवर्षं आपल्या टेबलावर जेवण केलं होतं, हे त्याला गिळवेना. आणि त्याहून वाईट म्हणजे सात वर्षांची ती समजूत आता कुठं ठेवायची, हे त्याला कळेना. आपण कमी पडलो नव्हतो. एक बोट आत ठेवायचं होतं, बस.

आठव्या डावात त्याला पाठवलं. संघ हरतच होता. त्यानं बोट ग्लोव्हच्या आत घातलं आणि कर्व्ह टाकला. बॅटर सरळ चेंडूच्या भरवशावर जोरात फिरला आणि तोल जाऊन गुडघ्यावर आला. दोन डावांत सहा जण आले, सहाही गेले, पाच जणांच्या बॅटला चेंडू लागलाच नाही. शेवटच्या बॅटरला त्यानं मुद्दाम बोट बाहेर काढून वर करून दाखवलं आणि सरळ चेंडू टाकला. बॅटर कर्व्हची वाट बघत जागचा हलला नाही आणि तसाच बाद झाला. आठशे माणसं उभी राहिली. समोरच्या बाकावरून ऑरिननं टोपी काढली. वेंडेलनं तिकडं पाहिलं नाही.

"अरे, हे इतकी वर्षं कुठं ठेवलं होतंस?" त्याचा मॅनेजर म्हणाला, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला आतल्या खोलीत घेऊन गेला. पाच मिनिटांत सगळं संपलं.

वेंडेल गाडीत बसला तेव्हा रडण्याच्या बेतात होता. लोरीनला सगळं सांगायचं ठरवूनच तो आला होता. तिच्याशिवाय सांगणार तरी कुणाला? दहा मैल तो शब्द जुळवत राहिला. तेवढ्यात तीच बोलली.

"बोटाला काय झालंय रे तुझ्या?"

"कुठल्या?"

"ग्लोव्हबाहेरच्या. आज आत कोंबून ठेवलं होतंस. एरवी कर्व्हच्या वेळी कसं ताठ वर असतं."

वेंडेलनं गाडीचा वेग कमी केला. "तू बघायचीस ते?"

"न बघायला काय झालं? समोरच तर बसते. लग्नाआधीपासून बघतेय. आमच्या बाजूच्या बायकांशी पैज लावायची मी, आता कर्व्ह येणार म्हणून. कधी हरले नाही." ती हसली. "कर्व्ह तसाच धरतात ना?"

दोन्ही बाजूंना मका उभा होता. तेरा वर्षं ती जाळीमागं बसली होती, कडक उन्हात, बोचऱ्या वाऱ्यात, पोटात पोर असताना सुद्धा. तिनं एकदा जेवताना सहज विचारलं असतं तर! हे तिला आता सांगितलं, तर उरलेलं आयुष्य ती त्याच एका वाक्याभोवती फिरत राहील. ऑरिननं आपलं ओझं उतरवून कुणाच्या डोक्यावर ठेवलं, ते वेंडेलला दुपारपासून चांगलंच कळलं होतं.

"हो," तो म्हणाला. "तसाच धरतात. आज जरा ठणकत होतं."

"मग सांगायचं नाही का," लोरीन म्हणाली. तिनं विणकाम बाजूला ठेवलं, त्याचा उजवा हात स्टिअरिंगवरून काढून आपल्या मांडीवर घेतला आणि मिसिसिपीचा पूल येईपर्यंत ते बोट चोळत राहिली.