टिकलीचा लेअर

गाझियाबादच्या त्या स्टुडिओत मी माणसं गोरी करत असे. नोकरीच तशी होती. लग्नाचे फोटो यायचे, नवरी सावळी असली की मालक माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणायचे, "दो नंबर और उठा दो." म्हणजे रंग उजळायची खूण दोन घरं उजवीकडे सरकवायची. मी सरकवायचे. मग जोडप्याला उचलून बर्फाच्या डोंगरासमोर ठेवायचं, पायाखाली सावली टाकायची, कोपऱ्यातून सूर्याची तिरीप सोडायची. बिल्डरांची कामं तर रोजचीच. पुढे उघडं गटार, मागे म्हशी आणि मध्ये अर्धवट बांधलेला टॉवर असा फोटो यायचा. आम्ही म्हशींच्या जागी हिरवळ अंथरायचो आणि गटाराच्या जागी कारंजं. नव्या सेक्टरांत फ्लॅट घेणारी माणसं ते कारंजं बघून बुकिंग करायची आणि राहायला आल्यावर म्हशी बघायची.

मला या कामाची लाज वाटायची, असं लिहिणं सोपं आहे. खरं म्हणजे मला ते काम जमत होतं आणि जमतं याचा गर्व होता. लाज मी घरी पोहोचल्यावर वाटून घ्यायचे.

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील फरीदाबादच्या एका कारखान्यात होते आणि कारखान्यापेक्षा जास्त युनियनमध्ये होते. पुण्याहून पोस्टाने मराठी पत्रकं यायची. वडील ती हिंदीत उतरवून घ्यायचे आणि मी शेजारी बसून मूळ मराठी मोठ्याने वाचून दाखवायचे. त्यातून माझी मराठी अशी काही झाली की ‘शोषण’, ‘निषेध’, ‘धिक्कार’ हे शब्द मला आठव्या वर्षी लिहिता येत होते, आणि पोळी उलटायच्या त्या पत्र्याच्या वस्तूला उलथनं म्हणतात हे बाविसाव्या वर्षी कळलं. तोवर आम्ही कारखाना बंद पडल्यामुळे गाझियाबादला आलो होतो.

उलथनं मला शिकवलं आमच्याच मजल्यावरच्या मावशींनी. त्या मिरजेच्या. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, बदली होऊन दिल्लीला आले ते इकडचेच झाले. मुसलमान. हे मी इथेच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं. आमच्या मराठी मंडळातली माणसं मात्र हा शब्द कधीच उच्चारायची नाहीत. ती म्हणायची, "त्या ना, आपल्यातल्याच, मराठीच, पण त्या..." आणि वाक्य तिथेच सोडून चहाकडे वळायची.

मंडळात दर शनिवारी मावशी पेटी वाजवायच्या. बारा वर्षं. नाट्यगीत असो, भावगीत असो, गणपतीची आरती असो, पेटीवर मावशीच. बाकीच्यांना टाळ्यांचा ताल धरता येत नव्हता.

त्या वर्षी मंडळाचा रौप्यमहोत्सव होता आणि स्मरणिका निघायची होती. मंडळाचे चिटणीस काका सीडी घेऊन स्टुडिओत आले. कुणाकडे तरी नवा डिजिटल कॅमेरा आला होता आणि त्याने काढलेला फोटो खरोखरच चांगला होता. मावशी पेटीवर वाकलेल्या, डावा हात भात्यावर, उजव्याची बोटं पट्ट्यांवर, डोळे अर्धे मिटलेले.

"हा कव्हरला," काका म्हणाले. "फक्त एक कर. कपाळ जरा..." त्यांनी स्वतःच्या कपाळाला बोट लावलं.

"कपाळाला काय झालं?"

"रिकामं दिसतंय गं. पांढऱ्या कपाळाची बाई कव्हरवर बरी दिसत नाही. लोकांना वाटायचं, नवरा गेला की काय. चांगला ठणठणीत आहे तिचा."

"काका, त्या टिकली लावत नाहीत. बारा वर्षं बघताय तुम्ही."

"समोर बसल्यावर कोण कपाळ बघतं? गाणं ऐकतात. फोटोत बघतात."

"त्या मुसलमान आहेत."

काकांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. "हळू बोल ना यार. तेच म्हणतोय मी, विषय कशाला? टिकली लावली की विषयच संपला. तिच्याच भल्याचं आहे. आणि हे बघ, साधी नको. चंद्रकोर टाक. मराठमोळी दिसेल, बिल्कुल."

मालक आतून ओरडले, "अरे बिंदी ही तो है, दो मिनट का काम है. फोल्डर में तीस पड़ी हैं."

मी नाही म्हणाले असते तर मालकांनी स्वतः टाकली असती, नटीच्या कपाळावरची कुठली तरी चमचमती. हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं आणि आज देताना ते मलाच पटत नाही. फोल्डरमध्ये चंद्रकोर नव्हती, म्हणून मी ती काढली. नवा लेअर घेतला, म्हणजे फोटोवर एक पारदर्शक काच ठेवल्यासारखं. तिच्यावर काही काढलं तरी खालचा फोटो शाबूत राहतो. त्या काचेवर मी लाल रंगाची कोर काढली, खाली एक ठिपका दिला. मान झुकलेली होती म्हणून कोर तेवढीच तिरकी केली. कपाळावर दिव्याचा उजेड पडला होता, तो टिकलीवरूनही किंचित जायला दिला. कडा मऊ केल्या. दोन मिनिटं नाही, पाऊण तास लागला, कारण ती खोटी दिसलेली मला चालणार नव्हती. काम संपलं तेव्हा मावशी जन्मभर चंद्रकोर लावत आल्यासारख्या दिसत होत्या. लेअरशेजारी एक छोटा डोळा असतो. तो दाबला की टिकली जायची, पुन्हा दाबला की यायची. मी तो किती वेळा दाबला कोण जाणे.

आणि मग मला माझं शिक्षण आठवलं. त्याच मशीनवर मी पत्रक टाइप केलं. ‘कपाळावरील अतिक्रमणाचा धिक्कार असो!’ खाली तीन परिच्छेद, खाली मागण्या. टिकलीसकट आणि टिकलीशिवाय असे दोन्ही फोटो छापून घेतले. घरी वडिलांनी पत्रक वाचलं, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि "जोरदार" म्हणाले. मी मावशींकडे गेले.

मावशी बटाटे सोलत बसल्या होत्या. मी टिकलीचा फोटो पुढे केला. त्या बघत राहिल्या आणि एकदम हसत सुटल्या.

"अगं बया! हा तर ईदचा चाँद!" आतल्या खोलीकडे तोंड करून त्या ओरडल्या, "अहो, बघा, चाँद दिसला. उद्या सुट्टी घ्या!"

आतून त्यांचे यजमान काहीतरी म्हणाले, त्यावर त्या आणखी हसल्या. मी हसले नाही. मी गंभीरपणे पत्रक पुढे केलं. मावशींनी हात पुसले, चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. पहिल्या परिच्छेदापर्यंत हसू होतं. दुसऱ्यात ते गेलं.

"यातली ‘एक मुस्लिम भगिनी’ म्हणजे मी?"

"हो. नाव नाही लिहिलं मी कुठे."

"पेटी वाजवणाऱ्या मुस्लिम भगिनी किती आहेत मंडळात?"

मी एक सोललेला बटाटा उचलला आणि परत ठेवला.

"मला विचारलंस?"

"मावशी, अन्याय तुमच्यावर झालाय. तुम्ही गप्प बसलात तर..."

"गप्प बसल्यावर काय होतं ते मला ठाऊक आहे. बोलल्यावर काय होतं तेही ठाऊक आहे. तुला दोन्हीतलं एकही ठाऊक नाही." त्यांनी पत्रकाची घडी घातली. "या सेक्टरांत आम्ही चार घरं बघितली, हे मिळायच्या आधी. महाराष्ट्रातले म्हटलं की चहा द्यायचे. नाव ऐकलं की चावी हरवायची. चार वेळा चावी हरवली. मंडळात मला कोणी विचारलं नाही, तू कोण. वाजवा म्हणाले, मी वाजवलं. शनिवारी दोन तास मी नुसती मिरजेची असते. तुझं हे वाटलं की पुढच्या शनिवारी माझ्याशी सगळे फार चांगलं वागतील. जपून वागतील. कळतंय का तुला? मग मी जाणार नाही तिथं."

"म्हणजे टिकली चालेल तुम्हाला?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा, आणि त्यात त्यांच्याबद्दलचा तिरस्कार होता. तो मी लपवलाही नाही. मला वाटत होतं, हीच ती भित्री माणसं, ज्यांच्यासाठी आपण लढतो तीच पाठ फिरवतात.

"नाही चालणार. माझ्या आईनं मिरजेत हिरव्या बांगड्या घातल्या, काळी पोत घातली. टिकली नाही लावली, आणि कुणी लाव म्हटलं नाही. ते चिटणीस माझ्या कपाळावर टिकली चिकटवतात, तू पत्रक चिकटवतेस. कपाळ माझंच."

मला राग आला होता म्हणून मी उठले. दाराशी पोहोचले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला काढ त्यातून. येतं ना तुला ते?"

"पूर्ण?"

"पूर्ण. पेटी राहू दे. पेटी चांगली आलीय."

दुसऱ्या दिवशी मी मावशींना काढलं. म्हशी काढतात तसंच काढायचं असतं माणसाला: आजूबाजूचं जे आहे तेच थोडं थोडं उचलून त्याच्यावर सारवत जायचं. मागचा पडदा निळा होता, तो त्यांच्या खांद्यांवर, मग मानेवर, मग चेहऱ्यावर आणला. टिकलीचा लेअर तेव्हाच पुसला, आता तिला कपाळच नव्हतं. हात सगळ्यांत अवघड गेले. बोटांखालच्या पट्ट्या फोटोत नव्हत्याच, म्हणून शेजारच्या पट्ट्यांचा तुकडा उचलून तिथे बसवला.

चिटणीस काका आले, स्क्रीनसमोर वाकले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! नुसती पेटी! काय सिम्बॉलिक आहे! बाई कुठे गेली?"

"त्यांनीच काढायला सांगितलं. टिकली नको म्हणाल्या."

"तू दाखवलीस तिला? म्हणून मी म्हणतो, प्रत्येक गोष्ट विचारत बसायची नसते." पण ते खूश होते. त्यांचा विषय खरोखरच संपला होता. खाली सुरांबद्दल एक ओळ टाक म्हणाले.

"पेटी वाजवायला मावशी लागतात तुम्हाला, आणि कव्हरवर नकोत," मी म्हणाले. इतक्या मोठ्याने की मालक बाहेर आले. "लाज वाटत नाही?"

काकांना खरंच कळेना. ते दुखावले. "अगं, मी तर कव्हरवरच ठेवली होती तिला. काढलीस तू."

यावर आजही माझ्याकडे जे उत्तर आहे ते लांबलचक आहे आणि त्याचं पत्रक होत नाही. मी ते पत्रक शेवटी वाटलंच नाही, आणि ते न वाटल्याबद्दल वडील माझ्याशी बरेच दिवस तुटक बोलत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी स्मरणिका खुर्च्याखुर्च्यांवर ठेवल्या होत्या. मागच्या पानावर बिल्डरचं कारंजं, पुढे पेटी. लोक कव्हर बघून छान छान म्हणत होते. पेटीवर कोणी का नाही, असं एकानेही विचारलं नाही. मी एक प्रत घेऊन पडद्यामागे गेले. मावशी पेटीसमोर मांडी घालून बसल्या होत्या, नेहमीच्या कपाळाने. त्यांनी प्रत हातात घेतली, चष्मा वर केला आणि छापलेल्या पट्ट्यांवरून बोट फिरवत गेल्या. मध्येच बोट थांबलं.

"ही कुणाची पेटी?"

"तुमचीच."

"माझी नाही. दोन काळ्या, मग तीन काळ्या, मग परत दोन. कुठलीही पेटी अशीच असते. तू तीनानंतर परत तीन लावल्यास. काळी पाचच्या पुढं ही सहावी कुठली आणलीस?"

मी बघितलं. जिथे त्यांचा उजवा हात होता, बरोबर तिथेच.

"कुणाला कळणार नाही, मावशी."

"मला कळलं की." त्यांनी भाता दाबून बघितला. स्टेजच्या फळीवर पेटी एका कोपऱ्यात डगडगत होती. त्यांनी स्मरणिकेची घडी केली आणि त्या कोपऱ्याखाली सरकवली. पेटी स्थिर झाली. "आता सरक तिकडं," त्या म्हणाल्या, "पडदा उघडतोय."