डॉक्टरांच्या मोटारसायकलची पोटफुगी

नळीतलं पाणी उसळून माझ्या चष्म्यावर उडालं. मी इंजिन बंद केलं, चष्मा ओढणीला पुसला आणि म्हणाले, "सापडलं."

प्रशांत मागे सरकला. त्याच्या ऑफिसच्या शर्टावरही थेंब पडले होते. "हे नॉर्मल आहे का, मॅडम?"

"अजिबात नाही. म्हणूनच बरं वाटतंय."

गवंडी लेव्हल बघायला जी पारदर्शक नळी वापरतात, तीच ही. यू आकारात वाकवून फळीवर ठोकलेली, अर्धी पाण्याने भरलेली. एक टोक उघडं, दुसरं इंजिनाच्या खालच्या पेटीला जोडलेलं. या पेटीला क्रँककेस म्हणतात. आत दाब वाढला की पाणी उघड्या टोकाकडे चढतं. थोडं चढेल अशी माझी अपेक्षा होती. इथे ते सरळ बाहेरच पडलं.

मी एका इंजिन कारखान्यात टेस्टिंगला होते. नव्वदनंतर परदेशी कोलॅबोरेशन आलं, आमची जुनी लाइन बंद झाली. मी व्हीआरएस घेतली आणि बिबवेवाडीत एका भाड्याच्या गाळ्यात वर्कशॉप टाकलं. एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला ब्यूटी पार्लर. पार्लरवालीला माझी नखं बघवत नसत.

मोटारसायकल प्रशांतच्या वडिलांची, डॉ. वानखडे यांची. डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. अमरावतीकडे सगळी नोकरी याच गाडीवर, गावोगाव फिरून झालेली. गाडी ब्रिटिश, एका सिलेंडरची, डॉक्टरांच्या नोकरीपेक्षाही जुनी. रिटायर झाल्यावर मुलाकडे पुण्याला आले, ते गाडी ट्रकमध्ये घालूनच. मुलगा आयटीत, फ्लॅट नव्या सोसायटीत, पार्किंगला चकचकीत फरशी. त्या फरशीवर रोज सकाळी काळं थारोळं. सेक्रेटरींनी आधी तोंडी सांगितलं, मग नोटीस बोर्डावर. नाव घातलं नव्हतं, पण अख्ख्या सोसायटीत गळणारी गाडी एकच होती.

एवढ्यावर भागलं असतं. पण गळणारं ऑइल मागच्या टायरवर आलं आणि डॉक्टर सातारा रस्त्यावर घसरले. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टरमध्ये होतं. तेव्हा प्रशांतने ठरवलं की गाडी घरात नको. नवीन रेस्टॉरंट काढणारा एक ओळखीचा माणूस ती भिंतीवर टांगायला घेणार होता. रविवारी दुपारी टेम्पो येणार होता. डॉक्टरांनी हो म्हटलं होतं. जाण्याआधी एकदा ती कात्रजचा घाट चढली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. म्हणून माझ्याकडे आणली.

माझ्याआधी गाडी बऱ्याच जणांनी बघितली होती. प्रत्येकाने तेच केलं होतं. दोन भागांमधलं गॅस्केट बदलायचं, जोडावर लाल सीलंट थापायचं, बोल्ट आणखी आवळायचे. इंजिन तरीही सगळ्या सांध्यांतून पाझरत होतं.

डॉक्टर स्टुलावर बसून सगळं बघत होते. मी त्यांना समजावलं. पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमधली हवा दाबतो. दोन पिस्टन आळीपाळीने चालणारे असते तर एक खाली येताना दुसरा वर गेला असता आणि हवेला जागा मिळाली असती. इथे पिस्टन एकच. त्यात पिस्टनच्या जुन्या रिंग्जच्या बाजूने जळका वायूही खाली उतरतो. या सगळ्याला बाहेर पडायला एक नळी दिलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. ब्रीदर कमी पडला की हवा फटी शोधते आणि जाताना ऑइल घेऊन जाते.

डॉक्टर पुढे झुकले. "मॅडम, तुम्ही तर पोटफुगी सांगून राहिल्या. गाईच्या पोटात वायू धरला, अन् दुसरं काही चाललं नाही, की आम्ही डाव्या कुशीत नळी घालून वाट करून देतो. नाही तर जनावर जाते."

"मग तुम्हाला पुढचं सांगायला नको."

मूळ ब्रीदर आखूड असावा. पँटला ऑइल लागू नये म्हणून कोणीतरी त्याला बारीक रबरी नळी जोडून ती पार मागच्या मडगार्डपर्यंत नेली होती आणि तिच्या टोकाला व्हॉल्व्ह बसवला होता. हा व्हॉल्व्ह एकाच दिशेने उघडतो. हवा बाहेर जाऊ देतो, आत येऊ देत नाही. पण इतक्या लांब नळीत हवा नुसती पुढेमागे हेलकावे खाते, टोकापर्यंत पोचतच नाही. व्हॉल्व्ह इंजिनाला लगटूनच हवा.

मी जुन्या बाजारातून एका टू-स्ट्रोक गाडीचा रीड व्हॉल्व्ह आणला. रीड म्हणजे स्टीलची पातळ पट्टी, फुंकरीने उघडते आणि आपोआप मिटते. लेथवर ॲल्युमिनियमचं घर करून तो क्रँककेसला चिकटून बसवला, पुढे जाड नळी लावली आणि तिचं टोक एका डब्यात सोडलं. पुन्हा फळी जोडून किक मारली. या वेळी पाणी उलटं, इंजिनाच्या बाजूला सरकलं आणि थरथरत तिथेच थांबलं. म्हणजे आता आत दाब नव्हता, किंचित ओढ होती. सांधे आता ऑइल बाहेर टाकणार नव्हते. मला इतका आनंद झाला की मी पार्लरवालीला बोलावून पाणी दाखवलं. तिने "छान" म्हटलं.

शनिवारी डॉक्टरांनी गाडी बिबवेवाडीतल्याच वरच्या चढावर नेली. सांधे कोरडे राहिले. पण चढ लागताच सायलेन्सरमधून निळा धूर निघाला, तो परत येईपर्यंत थांबला नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.

प्रशांत म्हणाला, "म्हणजे नाही झालं." ते तो रागाने म्हणाला नव्हता. वडिलांच्या मनगटाकडे बघत म्हणाला होता.

डॉक्टरांनी हेल्मेट काढलं. "राहू द्या मॅडम. तुम्ही लई केलं."

मला सगळ्यात जास्त चीड येते ती या "राहू द्या"ची. मी म्हटलं, टेम्पो उद्या दुपारी येणार आहे ना, मग आज गाडी माझी आहे.

ऑइल पंप ऑइल वर, इंजिनाच्या डोक्यापर्यंत, म्हणजे हेडपर्यंत नेतो. तिथून ते एका भोकातून आपल्या वजनाने खाली उतरायचं असतं. मी वरचं झाकण काढलं. आत ऑइल वाटीतल्या आमटीसारखं साचलेलं. खाली जायची वाट नव्हती आणि आता सांध्यांतूनही सुटका नव्हती, त्यामुळे ते हेडमधल्या व्हॉल्व्हच्या कडेने सिलेंडरमध्ये झिरपत होतं. हेड उतरवलं तेव्हा कारण दिसलं. गॅस्केट हाताने कापलेलं होतं आणि त्यात ऑइलच्या भोकाला जेमतेम चीर ठेवली होती. उरलेलं भोक लाल सीलंटने बुजलं होतं. गळती बंद करण्याच्या उत्साहात लोकांनी गटारच बंद केलं होतं.

सीलंट उकरून काढलं. भोकाची धार गोल केली आणि ते जरासं मोठं करायला डॉक्टरांची परवानगी मागितली. त्यांनी हेडवर हात ठेवला, मग म्हणाले, "करा." पूर्ण भोक ठेवून नवं गॅस्केट कापलं. इंजिन जोडण्याआधी वरून रॉकेल ओतलं. ते सरसर खाली गेलं.

रविवारी सकाळी डॉक्टर पुढे मोटारसायकलवर, मी आणि प्रशांत मागे कारमध्ये. कात्रज सुटलं, घाट सुरू झाला. प्रशांत स्टिअरिंगवर वाकून फक्त सायलेन्सर बघत होता. पहिलं वळण, दुसरं वळण. पुढे रखडणारा ट्रक आला तसे डॉक्टर गिअर बदलून त्याला मागे टाकून गेले. धूर नव्हता. जुन्या बोगद्यापाशी ते थांबले. मी पांढरा रुमाल घेऊन इंजिनाच्या सगळ्या सांध्यांवरून फिरवला. धूळ लागली, ऑइल लागलं नाही. मागचा टायर प्रशांतने स्वतः हाताने पुसून बघितला, दोनदा.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. टेम्पो निघाला होता. प्रशांतने बाबांकडे बघितलं. ते बोगद्याच्या तोंडाशी, इंजिन चालू ठेवून उभे होते.

"सॉरी," तो फोनवर म्हणाला, "गाडी रिकामी नाहीये. भिंतीला दुसरं काहीतरी बघा."

डॉक्टरांनी ते ऐकलं असावं. आम्हाला हात केला आणि बोगद्यातून पलीकडे साताऱ्याच्या दिशेने निघून गेले. आम्ही कारमध्ये बसेपर्यंत नुसता आवाज ऐकू येत होता, एकसारखा.

त्यानंतर माझ्याकडे जुन्या गाड्यांचं गिऱ्हाईक वाढलं. प्रत्येक जण आधी डाग दाखवतो. डाग ऑइल कुठून आलं ते सांगतो, का आलं ते सांगत नाही. म्हणून गिऱ्हाईक आल्याबरोबर मी त्याच्याकडची सीलंटची ट्यूब काढून घेते आणि मग इंजिनाकडे बघते.