सुतळीचं दुसरं टोक

शेवटच्या भेटीत दिगूने मला शिवी घातली. रविवारची सकाळ, साकीनाक्याचा रस्ता, माझ्या हातात सुतळीचं टोक. "अरे, सुतळी धरलीयस की पतंग उडवतोयस?" पुढचं छापण्याजोगं नाही. बुधवारी त्याच्या घरून वहिनींचा निरोप आला... दिगूच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं संपलं.

आम्ही दोघं एकाच वर्कशॉपात लेथवर. ऐंशी सालानंतर तिथे गाळे वाढले, टेम्पो वाढले, आणि पायी किंवा सायकलने येणारे कामगार गटाराच्या कडेने अंग चोरून जाऊ लागले. त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला हक्काची पट्टी असावी, हा दिगूचा ध्यास. अर्ज करकरून थकला. मग हा जुना कबड्डीवाला गडी मैदान आखायची पांढरी फक्की घेऊन स्वतःच रेघ मारायला निघाला. सुतळीचं एक टोक खांबाला बांधायचा. दुसरं ताणून धरायला माणूस हवा... तो मी.

पहिल्याच रविवारी मला चहाची तल्लफ आली. टोक हातात धरूनच मी टपरीकडे सरकलो. दिगू खाली वाकून फक्की टाकत येत होता. मान वर केली तेव्हा रेघ थेट टपरीच्या बाकड्याला येऊन टेकली होती. "वाट लावलीस रे!" पण सोमवारी गंमत झाली. लोक रेघेच्या आतून चालले, सायकली आतून आल्या, टेम्पोवाले चक्क बाहेरून गेले. दिगू हसत म्हणाला, "बघ, तुझ्या मागूनसुद्धा लोक येतात यार!" आठवड्याभरात फक्की चाकांना लागून उडून जायची, की रविवारी आम्ही पुन्हा हजर. माझ्या हातून रेघ कधीच सरळ आली नाही, आणि दिगूने दुसरा माणूस कधी शोधला नाही.

तो गेल्यावर रेघही गेली. माणसं पुन्हा गटाराच्या कडेला. काही रविवार मी घरीच भिंतीकडे बघत काढले. मग गेल्या रविवारी वहिनींकडून त्याची सायकल आणि उरलेली फक्की मागून आणली. माझ्या जागी सायकल स्टँडवर उभी केली, कॅरियरला सुतळी बांधली, आणि दिगूच्या जागी मी वाकलो. सायकल काही चहाला गेली नाही.

टपरीपाशी पोचून मागे वळून पाहिलं. रेघ पहिल्यांदाच सुतासारखी सरळ... आणि शिवी घालायला कोणी नव्हतं.