बॉक्समधलं पत्र घरी आलं

मैत्रिणींनो, घाईघाईतच लिहितेय.

भावाने जातीबाहेर लग्न केलं तेव्हापासून बाबा त्याचं नावही घेत नाहीत. बाबा आमच्याकडेच, इथे आमली नावाच्या वस्तीत राहतात आणि घरचं टपाल तेच घेतात. माझा फोनही कधीकधी उचलतात. म्हणून भाऊ पत्रं लिहितो आणि त्यासाठी मी पोस्टात बॉक्स भाड्याने घेतलाय; पत्रं घरी न येता तिथेच थांबतात, मी जाऊन आणते.

आज मी शिकवते ती शाळा सुटल्यावर गेले तर बॉक्स रिकामा. गुजराती पोस्टमन हसत म्हणाला, "बेन, कशाला हेलपाटे घालता? मी आमलीत रोज येतोच की. तुमचं पत्र सकाळीच बाबांच्या हातात दिलं."

बिचाऱ्याने माझी पायपीट वाचवली होती.

घरी आले तर बाबांच्या खोलीचं दार बंद आणि जेवणाचं ताट तसंच झाकलेलं. पाकिटावरचं अक्षर त्यांनी ओळखलंच असणार, लहानपणी त्यांनीच ते गिरवून घेतलंय. मागच्या पत्रात भावाने त्यांच्याबद्दल फार कडू लिहिलं होतं. या पत्रात काय आहे, मला माहीत नाही.

आत्ताच आतून हाक आली, "माझा चष्मा कुठे ठेवलास गं?"

म्हणजे पत्र फाडलेलं नाही, पण अजून वाचलेलंही नाही. चष्मा माझ्या हातात आहे, पण पाय उचलत नाहीये. तुम्ही दिला असता?