उभं राहिलेलं धान

कुहीच्या रस्त्यावरच्या प्रात्यक्षिक शेतावर बायको मला दर रविवारी न्यायची. गच्चीवरची तुळससुद्धा माझ्या हातून दोनदा मेली होती, तेव्हा शिकवणीची गरज होतीच. शेत सांभाळणारे गृहस्थ बुटके, आवाजाने मऊ. कोणी काही विचारलं की आधी ढेकूळ उचलून हुंगायचे, मग म्हणायचे, "थांबा वं, घाई नोका करू." गावोगावच्या बाया सतरंजीवर बसून ऐकायच्या. विषारी औषध फवारू नका, हे तर ते दर रविवारी फळ्यावर लिहून सांगत.

दिवाळीनंतर एक बाई उभी राहिली. "भाऊ, तुमचं आयकलं, एक थेंब फवारला नाही. तुडतुड्या किडीनं सारं धान जाळलं. आता वर्षभर काय खाऊ? अन् तुमचं काहून उभं हाय?"

त्या गृहस्थांच्या मागे धान लोंब्यांनी वाकलं होतं. मला वाटलं, निंबोळी अर्काचं कौतुक सांगून सुटतील. मी तरी तेच केलं असतं.

त्यांनी खडू खाली ठेवला. "म्या फवारलं होतं, बाई. शेतकी खात्याचे साहेबलोक धान पाहाले येणार होते."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

त्यांनी ढेकूळ उचललं, पण हुंगलं नाही. ती निघून गेली, तिच्यामागे साऱ्या बाया गेल्या.

"असा कसा हो माणूस!" गाडीत बायको म्हणाली.

मी गाडी चालवत राहिलो. दिवाळीआधीच्या एका रविवारी त्यांना शेडमागे फवारणीचा पंप धुताना मी पाहिलं होतं. तेव्हा त्यांनी माझ्या हातात वांगी ठेवली आणि मी ती घेऊन आलो. भरीत आम्ही दोघांनी खाल्लं. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.