ॲप्रनचं पहिलं बटण

मंगळवारी दुपारी सिद्धू ब्रदरचा हात ॲप्रनच्या पहिल्या बटणावर गेला, आणि मला वाटलं, झालं, परत घसरले...

सोलापुरातल्या एका हॉस्पिटलात मी सध्या स्ट्रेचर ढकलतो. (त्याआधी मंगळवेढ्याला एका हुरडा पार्टीवाल्याकडे होतो, ते असो.) सिद्धू ब्रदर म्हणजे आमच्या वॉर्डचे नर्स. सिगारेटला जाताना ॲप्रन काढून माझ्या हातात देणार... नातेवाइकांनी ओळखू नये म्हणून. तिथे बरेच जण तसंच करतात.

मागे एकदा ऑक्सिजनचा सिलिंडर वर नेताना जिन्यातच त्यांना धाप लागली. पेशंट थोडक्यात वाचला. त्या धसक्याने त्यांनी दोनदा सोडली, दोनदा घसरले.

मग ते हॉस्पिटलातल्या व्यसन सोडवणाऱ्या मॅडमकडे गेले, त्या मात्र रागावल्या नाहीत. आधी विचार, मग तयारी, मग सोडणं... आणि घसरणं पण त्यातच धरलंय म्हणे. "सध्या एकच करा. ओढायची तर ओढा, पण ॲप्रन अंगावर ठेवून. चार लोकांनी बघितलं की आपोआप कमी होईल."

तर मंगळवारी दम्याच्या एका तरुण पेशंटची तब्येत सकाळपासून खालीवर होत होती. तो जरा स्थिरावला आणि ब्रदर तडक समोरच्या टपरीवर! मी मागोमाग. तलफ आली की त्यांना बोलण्यात गुंतवायचं काम मॅडमनी मला दिलेलं... पण शेजारी एक जण मोपेडवर चादरींचा हा एवढा ढीग बांधत होता, मी तेच बघत राहिलो. मान वळवली तर सिगारेट ओठात, बोटं बटणावर.

"ब्रदर, ॲप्रन..."

"गप रे!" पण घाईत बटण काही निघेना.

तेवढ्यात त्याच पेशंटचे वडील तिथे आले. दुधनी गावचे, वॉर्डात सगळे त्यांना मामाच म्हणायचे. पांढरा ॲप्रन दिसताच त्यांनी पेटती विडी पाठीमागे लपवली. "म्या न्हाय ओढत, ब्रदर! तुमी सांगितल्यापासून सोडली की..." धूर मात्र पाठीमागून वर येत होता.

ब्रदरनीही सिगारेट झटकन मागे नेली. पण मामांनी पाहिलीच. मला वाटलं, आता हा माणूस खवळणार, हॉस्पिटल डोक्यावर घेणार...

पण मामा हळूच म्हणाले, "तुमाला बी जड जातंय व्हय?"

"लई जड जातंय, मामा."

मामांनी विडी चपलेखाली चिरडली. ब्रदरनी न पेटवलेली सिगारेट मोडून टाकली.

उद्याचं कोण सांगणार... पण त्या दिवशी ॲप्रन माझ्या हातात आला नाही. रिकाम्या हाताने परत येताना एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं.