थंड दुकानाचं उघडं दार

परवा फोनवर तू सांगितलंस, की नव्या नोकरीत तुला एका मोठ्या दुकानकंपनीचं कार्बन उत्सर्जन कमी करायचं आहे. मागून तुझी धाकटी बहीण ओरडली, "आज्जी, याला दुकानांचे दिवे मालवायला ठेवलंय!" तुम्ही दोघं हसलात. मला हसू आलं नाही. लातूरमधल्या अशाच एका दुकानाशी मी भांडले होते आणि हरले होते. हरलेलं भांडण कोण सांगत बसतं? पण आता ते तुझ्या कामाचं आहे, म्हणून क्रमाने लिहिते.

तुमचे आजोबा गेले, माझी कॉलेजातली इंग्रजी शिकवण्याची नोकरीही संपली. तेव्हा मी वरच्या खोल्या क्लासच्या मुलींना दिल्या. आमच्या भागात तेव्हा घरोघरी हेच चाललं होतं. डॉक्टर, इंजिनिअर व्हायला गावोगावची पोरं लातूरला येत होती. त्यात हदगावची एक मुलगी होती. हुशार, कमी बोलणारी, आणि तिला लहानपणापासून दमा. तिचे वडील शाळामास्तर. खोली बघताना त्यांनी पुस्तकांच्या फळीआधी खिडकी उघडून पाहिली. जाताना मला म्हणाले, "बाई, धूर-धुळीचं तेवढं बघा. नाही सोसलं तर मी घेऊन जाईन. जीव आधी, डॉक्टरकी मग."

"इथं कुठला आलाय धूर?" मी म्हणाले. तेव्हा खरंच नव्हता.

त्याच वर्षी शेजारच्या मोकळ्या जागेत ते दुकान उभं राहिलं. बाहेर भलीमोठी काच, आत गारवा, दही-दुधाचे उघडे फ्रिज ओळीने मांडलेले. त्याचा जनरेटर बरोबर आमच्या भिंतीला लागून बसवला. भारनियमन सुरू झालं की, म्हणजे रोज दुपारी आणि संध्याकाळी, तो धडधडायला लागायचा आणि डिझेलचा काळा धूर सरळ वर, त्या मुलीच्या खिडकीत. ती खिडकी लावून बसायची. तरी खोकायची, हातातलं पुस्तक मिटून पंप ओढायची. परीक्षा उन्हाळ्यात होती. हिवाळ्यातच हे हाल, मग पुढे काय, हा विचार मला सोडेना.

मी मॅनेजरकडे गेले. पोरगेलासा मुलगा, टाय लावलेला. त्याने चहा मागवला. जनरेटर हलवायला जागा नाही म्हणाला. "मग तो कमी चालवा," मी म्हणाले. "तुमचं दार सताड उघडं, फ्रिज उघडे. अख्ख्या रस्त्याला गार करता तुम्ही. दार लावा, फ्रिजांना झाकणं करा, निम्मं डिझेल वाचेल."

"मॅडम, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे," तो म्हणाला. "पण वरून आलं पाहिजे."

हे 'वरून' म्हणजे मुंबई. मी मुंबईला चांगल्या इंग्रजीत लिहिलं. उत्तर आलं, की आमची कंपनी पर्यावरणाबाबत अत्यंत जागरूक आहे. ती जागरूकता पुढच्याच आठवड्यात दिसली. दारात हिरव्या पानाचा फलक लागला, आणि ऐन मार्चच्या उन्हात प्रत्येक गिऱ्हाइकाला प्लास्टिकच्या पिशवीतलं एकेक रोप मिळालं. मार्चमध्ये, लातुरात! आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी. लोकांनी रोपं घेतली, फोटो काढू दिले आणि रोपं दुकानाच्या पायरीवरच ठेवून गेले. तिथेच ती वाळली.

मी तूरडाळीचंही विचारलं. आमच्याकडच्या गिरण्यांतली डाळ ट्रकने मुंबईकडच्या गोदामात जायची, तिथे कंपनीच्या पुड्यांत भरली जायची आणि त्याच रस्त्याने परत लातूरला. "उदगीरची डाळ उदगीरहून आणायला काय होतं रे तुम्हाला?" तो हसला. "मॅडम, सिस्टीम आहे." पंधरवड्यात त्याची बदली झाली. नवा आला, त्यानेही चहा मागवला, आणि मी पहिल्यापासून सुरुवात केली.

हा दुसरा मात्र थोडा ऐकणारा होता. "दार लावून बघू," म्हणाला. मी मुद्दाम समोरच्या झाडाखाली उभी राहिले. जनरेटर चालू होता, दार बंद होतं, आणि दारावरचा मुरुडचा राखणदार आत उभा होता. दोन बायका आल्या, बंद काच बघितली आणि वळल्या. राखणदाराने दार उघडून हाक मारली, "अहो, चालू हाय दुकान!" त्या परत आल्या, दाराबाहेर चपला काढल्या आणि अनवाणी आत गेल्या. मग एक जोडपं आलं, त्यांनीही चपला काढल्या. तासाभरात दारापुढे देवळासारखा चपलांचा ढीग. एकाची चप्पल गेली, त्याने राखणदाराची गचांडी धरली.

शेवटी एक म्हातारी आली. औशाकडची असावी. ती आत गेली, मागे दार आपोआप लागलं, तशी ती गर्रकन वळली आणि काचेवर थापा मारायला लागली. "उघड रे! कोंडून घालतूस का माणसाला? भूकंपात एकदा कोंडलो तेवढं लई झालं!"

राखणदाराने दार उघडलं आणि दाराला दगड लावला. मला बघून म्हणाला, "बाई, तुमच्या शिक्षणात ह्याला काय उपाय हाय का?"

नव्हता. आणि वाईट हे, की त्या म्हातारीचं मला पूर्ण कळत होतं. भूकंपाच्या पहाटे आमच्या घराची चौकट तिरकी झाली आणि खोलीचं दार अडकलं. बाहेरच्यांनी पहारीने ते काढेपर्यंत मी तुमच्या आजोबांचा हात धरून आत उभी होते, आणि भिंतीतून माती गळत होती. तेव्हापासून मी खोलीचं दार कधी लावलं नाही. माझ्या उघड्या दाराला मी हवा म्हणत होते, आणि लोकांच्या उघड्या दाराला अडाणीपणा.

मी मॅनेजरला म्हणाले, आपोआप लागणारं दार नको, प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावा, त्यातून माणूस अडकत नाही. आत चपलांसकट या असं कोणी तरी हसून सांगा. निदान फ्रिजांना झाकणं लावा, त्याला तर कोणी घाबरत नाही! त्याने सगळं लिहून घेतलं. वरून काही आलं नाही. त्याचीही बदली झाली.

मे उजाडायच्या आत मुलीचे वडील आले. नेमका जनरेटर चालू होता. ते खोलीत पाच मिनिटं बसले आणि उठून म्हणाले, "चल, पेटी भर."

"पप्पा, थोडेच दिवस राहिलेत."

"पुढच्या वर्षी दे परीक्षा."

"पुढच्या वर्षी तुम्ही ताईचं लग्न काढणार. मग मला कोण पाठवतंय?" ती पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने बोलली, आणि बोलून खोकायला लागली.

मी म्हणाले, "सर, माझी खालची खोली दुसऱ्या अंगाला आहे. खिडकी बागेकडे. ही माझ्याजवळ राहील."

ते खाली आले. खोलीत उभे राहिले. धूर व्हरांड्यातून दाराने आत येत होता. "हे दार लावलं तरच," ते म्हणाले.

मी दार लावलं. कडी घातली. त्यांनी पेटी खाली आणली.

त्या दिवसापासून जनरेटर सुरू झाला की आम्ही दोघी कोंडून बसायचो. ती जीवशास्त्र पाठ करायची, मी खुर्चीत बसून कडीकडे बघत राहायची. एकदा ती थांबली. "आजी, तुम्हाला घाम फुटलाय. उघडू का?"

"नको. वाच तू."

तिने परीक्षा दिली. आता नांदेडला लहान मुलांना तपासते. ती गेल्यावर मी दार पुन्हा उघडं टाकलं.

दुकान अजून आहे. पाटी बदलली, फ्रिज वाढले, दाराला दगड तोच. परवा तुझा फोन ठेवल्यावर मी व्हरांड्यात आले, तर गार हवा इथवर येत होती. तू कंपनीचा कागद नंतर लिही. आधी एक दिवस एखाद्या दुकानाच्या दारात उभा राहा, आणि लोक आत कसे येतात ते बघ. आणि फ्रिजांच्या झाकणांचं तुझ्या 'वर'च्यांना विचार. मला त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.